लवचीक दांड्याची कहाणी

शक्ती एका ठिकाणी निर्माण व्हावी आणि काम दुसऱ्या ठिकाणी घडावे, ही यंत्रविद्येतील जुनीच अडचण होय. जुन्या कारखान्यांत इंजिन एका कोपऱ्यात असे आणि त्याची गती पट्ट्यांच्या व चाकांच्या साहाय्याने दुसऱ्या टोकाला नेली जाई. परंतु पट्टा आपल्या ठरलेल्या मार्गानेच धावणार. एखाद्या यंत्राच्या पोटातील आडबाजूच्या जागी तो कसा पोहोचावा?

1829 साली जेम्स नॅस्मिथ हा विशीतला स्कॉटिश तरुण लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले या नामांकित यंत्रकाराच्या हाताखाली काम करीत होता. एका यंत्राच्या भागात अशा अडचणीच्या जागी भोके पाडावयाची होती की, नेहमीचे गिरमिट तेथे चालेना. नॅस्मिथने पोलादी तारेचे घट्ट वेटोळे घालून सुमारे दोन फूट लांबीचा दांडा तयार केला. एक टोक फिरविताच, दांडा वाकलेला असूनही, दुसऱ्या टोकाचे गिरमिट फिरू लागले. मॉडस्ले प्रसन्न झाला. पुढे कित्येक वर्षांनी हीच युक्ती दंतवैद्यांच्या हाती अमेरिकेचा नवा शोध म्हणून मिरवताना नॅस्मिथला आढळली. 1883 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने या शोधावरील आपला हक्क नोंदवून ठेवला आहे.

दंतवैद्यकात या गतीची निकड मोठीच होती. 1871 साली अमेरिकेत जेम्स मॉरिसन याने पायाने चालणाऱ्या दंतयंत्राचे पेटंट घेतले. 1875 साली जॉर्ज ग्रीन याने विजेवर चालणाऱ्या यंत्राचे घेतले. मात्र विजेची मोटर त्या काळी वजनदार असे. ती हातात धरून नाजूक काम करणे कठीण. मोटर दूर ठेवावी आणि केवळ हलकी मूठ हातात असावी, हे लवचीक दांड्यामुळेच साधले. 1922 साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या फोरडॉम कंपनीने अशी यंत्रे कारागिरांच्या मेजापर्यंत नेली. आज सोनाराच्या पेढीमागील कामाच्या खोलीत आकड्याला टांगलेली छोटी मोटर दिसते, ती याच घराण्यातील.

हे यंत्र हाताळण्याचे नियम पाठ करण्यापेक्षा त्याची रचना समजून घेणे अधिक हिताचे. आतील दांडा तारांच्या अनेक थरांचा असतो. प्रत्येक थर खालच्या थराच्या उलट दिशेने गुंडाळलेला असतो आणि बाहेरचा थर फिरताना आवळला जाईल अशी योजना असते. म्हणून विशिष्ट दिशेसाठी केलेला दांडा उलटा फिरविल्यास थर सैलावतात व त्याचे बळ घटते. दांडा बाहेरच्या नळीत फिरतो. त्याला तीव्र वळण दिले तर घर्षण वाढते, नळी तापते आणि तारा तुटू लागतात. मोटर उंच टांगावयाची ती याचसाठी, की दांडा सौम्य कमानीने खाली यावा. वेळोवेळी तो बाहेर काढून पुसावा व ग्रीसचा पातळ हात द्यावा. ग्रीस जास्त झाले तर ते ओघळून मुठीत शिरते.

खरा धोका टोकाशी असतो. मोटर मिनिटाला 18,000 फेरे घेत असेल, तर 25 मिलिमीटर व्यासाच्या घासणीच्या चाकाची कड ताशी सुमारे 85 किलोमीटर वेगाने धावते. तेथे 50 मिलिमीटरचे चाक बसविले की हा वेग दुप्पट होतो. चाकावर लिहिलेली वेगमर्यादा डावलणाऱ्याच्या हाती म्हणूनच फुटण्याच्या बेतात असलेले चाक असते. तडा गेलेले चाक वापरू नये. हत्याराची दांडी चकाबाहेर फार लांब ठेवू नये. वेगात ती वाकते. यंत्र सुरू करताना चेहरा चाकाच्या रेषेत नसावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच आणि धूळ उडत असेल तर नाकातोंडावर योग्य मुखपट्टीही हवी. सैल बाही, मोकळे केस, गळ्यातील साखळी यांना फिरता दांडा क्षणात ओढून घेतो. हत्यार बदलण्यापूर्वी प्लग काढावा, कारण पायाखालचा खटका चुकून दाबला जाणे अगदी सोपे असते. चकाची किल्ली चकातच विसरणे, ही तर अपघाताला दिलेली अक्षताच!

नॅस्मिथच्या दोन फूट तारेने मोटरचे ओझे कारागिराच्या हातावरून उतरविण्याचा मार्ग दाखविला. परंतु ओझे दूर गेले, तरी वेग हातातच राहिला. मूठ इतकी हलकी असते की, आपण एक लहानसे लेखणीसारखे साधन धरले आहे असा भास होतो. तो भास ज्याला फसवीत नाही, त्याचीच बोटे आणि डोळे आयुष्यभर कामाला येतात.