वाद्यवृंदाची शेवटची इयत्ता

पाश्चात्य संगीताविषयीं आपल्याकडे जें थोडेंबहुत लिहिलें जातें, तें बहुतेक रचनाकारांविषयीं असतें. त्याच्या खालोखाल वृंदनायकांविषयीं. मोझार्ट, बेथोव्हेन हीं नांवें मराठी वाचकाच्या कानांवरून गेलेलीं असतात. हातांत छडी घेऊन उभा राहणारा नायकहि चित्रांत पाहून ओळखीचा झालेला असतो. परंतु त्या छडीपुढें जे ऐंशी-शंभर वादक बसलेले असतात ते कोठून येतात, आणि तेथें बसण्याची पात्रता त्यांस कोण देतें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्ही आज त्याच प्रश्नाकडे वळणार आहों. तो वाटतो तितका परका नाहीं, हें लेखाच्या अखेरीस मुंबईस पोंचल्यावर वाचकांच्या ध्यानांत येईल.

अठराव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत वादक हा लोहार-सुतारासारखाच एक कारागीर होता. जर्मन नगरांतून पगारी नगरवादक नेमण्याची चाल असे, आणि त्याच्या घरीं मुलें उमेदवारीस राहत. पुढें प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचा बांसरी-गुरु म्हणून ज्याची कीर्ति झाली, तो योहान योआखिम क्वांट्स हा एका लोहाराचा मुलगा. बापाच्या पश्चात् १७०८ मध्यें, वयाच्या अकराव्या वर्षीं, तो मेर्सेबुर्ग येथील नगरवादकाकडे असाच उमेदवार राहिला. पांच वर्षांत व्हायोलिन, ओबो, तुतारी आणि आणखी कित्येक वाद्यें त्याच्या हातांतून गेलीं; बांसरी हें त्याचें मुख्य वाद्य तर बरेंच पुढें झालें. या पद्धतींत शास्त्र थोडें असेल, पण एक सोय होती. शिकणें आणि वाजविणें यांच्यामध्यें भिंत नव्हती. उस्तादाच्या शेजारीं बसून जो समारंभांत वाजवी, त्याला ‘आतां पुढें काय’ हा प्रश्न पडत नसे.

ती भिंत संगीतविद्यालयांनीं उभी केली. पॅरिसचें विद्यालय १७९५ त निघालें, मेंडेलसोहननें लाइपझिगचें १८४३ त काढलें, आणि हळूहळू युरोपांतील प्रत्येक मोठ्या शहरास आपलें विद्यालय असल्यावांचून शोभा वाटेनाशी झाली. या संस्थांनीं संगीताचें केवढें कल्याण केलें हें सांगावयास नको. लाइपझिगमध्यें तर गेवांटहाउस वाद्यवृंदाचा अग्रवादक फर्डिनंड डाव्हिड हाच व्हायोलिन शिकवी. त्यामुळें तेथें वर्ग आणि वृंद यांत अंतर थोडें होतें. पण विद्यालय म्हटलें कीं परीक्षा आली, आणि परीक्षा एकेकट्याची घ्यावी लागते. पॅरिसचा विद्यार्थी जी एकल रचना घोटी, ती वार्षिक स्पर्धेंत वाजवून पहिलें बक्षीस मिळविण्यासाठीं. त्याच्या डोळ्यांपुढें चित्र असे तें रंगमंचावर एकटें उभें राहण्याचें.

वाद्यवृंदाला मात्र निराळें माणूस हवें असतें. मागच्या रांगेंतील व्हायोलिनवाल्याचा गज पहिल्या रांगेच्या गजाबरोबर, त्याच क्षणीं आणि तेवढाच, फिरला पाहिजे. त्याचा स्वर वेगळा ऐकूं आला तर तो गुण नव्हे, दोष. छडी खालीं आली कीं स्वर निघतो असें श्रोत्यांस वाटतें, पण कित्येक वृंदांत तो किंचित् मागाहून निघतो. आणि किती मागाहून, हें त्या वृंदांत बसल्यावांचून कळत नाहीं. शिवाय गप्प बसण्याचीहि एक विद्या आहे. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनींत ट्रॉम्बोनवाले तीन भाग मुकाट बसून चौथ्यांत प्रथम वाद्य तोंडाला लावतात, आणि तेंहि हळुवार वाजविण्यासाठीं; ड्व्होर्झाकच्या नवव्या सिंफनींत झांज एकदांच वाजते. (तो झांजवाला आदल्या रात्रीं झोपत असेल कीं नाहीं, अशी शंका आम्हांस नेहमीं येते.) आपल्याकडील साथीदारासहि गायकाच्या मागें जावें लागतें, परंतु तो एकाच्याच मागें जातो, आणि मधूनमधून स्वतःची जागा घेण्याची त्याला मुभा असते. येथें शंभरांच्या बरोबर जावयाचें, आणि जागा घ्यावयाची ती फक्त खुर्चीवर.

हें शिक्षण विद्यालय सुटल्यावर कोठें द्यावयाचें, याचें एक जुनें आणि टिकलेलें उत्तर अमेरिकेंतील शिकागो शहरानें दिलें. तें शहाणपणापेक्षां संकटानें सुचविलें, म्हणून त्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

शिकागोचा वाद्यवृंद थिओडोर थॉमस यानें १८९१ त उभा केला. थॉमस जन्मानें जर्मन. वादकांतहि जर्मनांचाच भरणा. तालमी जर्मन भाषेंत चालत. थॉमस १९०५ च्या जानेवारींत वारल्यावर त्याच्या जागीं आलेला फ्रेडरिक स्टॉक हाहि जर्मनच. यूलिख गांवीं जन्मलेला, कोलोनच्या विद्यालयांत शिकलेला हा तरुण १८९५ मध्यें व्हायोला-वादक म्हणून या वृंदांत आला, आणि दहा वर्षें खुर्चीवर बसून मग पुढें उभा राहिला. अमेरिकेची तेव्हांची रीतच तशी होती. कारखान्यांसाठीं मजूर आणि वृंदासाठीं वादक, दोघेहि जहाजानें यावयाचे. घरचीं मुलें व्हायोलिन शिकत नव्हतीं असें नाहीं. पण जो माणूस युरोपांतून तयार मिळतो तो येथें कशाला घडवा, असा सरळ हिशेब होता.

१९१७ च्या एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली आणि हा हिशेब एकाएकीं चुकला. जर्मनीहून नवे वादक येणें बंद, आणि जे आधींच आलेले ते संशयित! बॉस्टनचा वृंदनायक कार्ल मुक यास मार्च १९१८ मध्यें अटक होऊन पुढें जॉर्जियांतील एका छावणींत कोंडण्यांत आलें. स्टॉकनें नागरिकत्वासाठीं पहिला अर्ज पूर्वींच केला होता. पण पुढचे सोपस्कार पुरे करावयाचे राहून गेले होते. तेरा वर्षें शहराचा वृंद चालविलेला हा माणूस त्या राहून गेलेल्या कागदापायीं शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला. १९१८ च्या शरद् ऋतूंत तो बाजूस झाला. युद्ध थांबल्यावर, १९१९ च्या आरंभीं, पुन्हां नायकाच्या चौथऱ्यावर आला.

त्याच वर्षीं त्यानें एक योजना हातीं घेतली. शहरांतील होतकरू वादकांचा एक स्वतंत्र वृंद काढावा. मोठ्या वृंदांतील मुरलेल्या वादकांनीं त्यांस आपापल्या वाद्याच्या गटांत तालीम द्यावी. आणि या मुलांनीं मोठ्या वृंदाच्याच सभागृहांत लोकांपुढें वाजवावें. २९ मार्च १९२० रोजीं या विद्यार्थी-वृंदाचा पहिला जलसा झाला. पुढें त्याचें नांव ‘सिव्हिक ऑर्केस्ट्रा’ असें पडलें, आणि शंभरी ओलांडून तो आजहि चालू आहे. स्टॉकच्या मनांत देशाभिमान किती आणि सोय किती, याचा निवाडा करण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. लक्षांत घेण्यासारखें तें एवढेंच कीं, जो स्वतः बाहेरून आला होता त्यानेंच, बाहेरून माणसें आणण्याचा रस्ता एके दिवशीं बंद होऊं शकतो, हें ओळखून उपाय केला. वृंदाला पैसा पुरविणाऱ्या धनिकांना पंचवीस वर्षांत तें सुचलेलें दिसत नाहीं.

यानंतर अशा संस्था इतरत्रहि निघाल्या. बॉस्टनचा नायक सर्गेई कुसेव्हित्स्की, जो मूळचा कॉंट्राबास-वादक, त्यानें १९४० मध्यें टँगलवुड येथें उन्हाळी विद्यापीठच उघडलें. परंतु उन्हाळा सहा-आठ आठवड्यांचा. तेवढ्यांत गोडी लागते, हाड मुरत नाहीं.

बर्लिनची कथा निराळी. तेथें माणसांचा तुटवडा नव्हता, योग्य माणसांचा होता. विद्यालयांतून उत्तम गुणांनीं बाहेर पडलेले तरुण रिकाम्या जागेसाठीं येत, पण वृंदांत वाजविण्याचा सराव त्यांस नसे. म्हणून नायक हेर्बर्ट फॉन कारायान यानें १९७२ मध्यें, ड्रेस्डनर बँकेचा प्रमुख युर्गेन पोंटो याच्या साहाय्यानें, बर्लिन फिलहार्मोनिक वृंदाची स्वतःची अकादमी काढली. शिष्य दोन वर्षें राहतो. वृंदांतील वादक त्यास एकेकट्यानें शिकवितो. आणि प्रत्यक्ष जलशांत तो गुरूंच्या रांगेंत बसून वाजवितो. क्वांट्सच्या नगरवादकाची उमेदवारी अडीचशें वर्षांनीं पुन्हां दारांतून आंत आली म्हणावयाची! आज त्या वृंदांतील सुमारें एकतृतीयांश सभासद या अकादमींतून आलेले आहेत.

‘मिसळणें’ या गोष्टीला हे लोक किती मानतात, हें त्याच वृंदाच्या एका कलहावरून दिसतें. वृंदांत कोणास कायम करावयाचें हें तेथें मुख्यत्वें वादकच मतदानानें ठरवितात. १९८२-८३ च्या सुमारास कारायाननें साबिने मायर या तरुण क्लॅरिनेट-वादिकेस घ्यावयाचें ठरविलें; वादकांनीं ७३ विरुद्ध ४ मतांनीं तिला नाकारलें. तिचा स्वर आमच्या स्वरांत मिळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. पुरुषांच्या बालेकिल्ल्यांत स्त्री नको, हें खरें कारण, असें इतर अनेकांचें. दोहोंत तथ्य असणें शक्य आहे. बाई पुढें एकल वादक म्हणून जगप्रसिद्ध झाल्या, यावरून त्यांच्या कलेविषयीं शंका उरत नाहीं. पण ‘मिळणें’ ही कसोटी जोंवर डोळ्यांना दिसत नाहीं, तोंवर तिच्या आडून कोणताहि पूर्वग्रह लपूं शकतो, हें मान्य केलेंच पाहिजे. अमेरिकेंतील वृंदांनीं उमेदवारास पडद्याआड बसवून परीक्षा घेण्याची जी रीत पत्करली, ती याचसाठीं. पायांतल्या टाचांच्या आवाजावरून बाई कीं बुवा हें कळूं नये म्हणून वाटेवर गालिचाहि अंथरतात. तथापि पडद्याआड एकट्यानें वाजवून दाखविलें तें पुन्हां एकट्याचेंच वादन झालें. म्हणजे पडदा पूर्वग्रह अडवितो. मिसळण्याची परीक्षा तो घेऊं शकत नाहीं.

पदवीधरांसाठींच म्हणून उभी राहिलेली सर्वांत मोठी संस्था फ्लॉरिडांतील मायामी बीच येथील ‘न्यू वर्ल्ड सिंफनी’ ही होय. वृंदनायक मायकेल टिल्सन थॉमस आणि जहाजमालक टेड ॲरिसन यांनीं ती १९८७ त स्थापिली. विद्यालयीन शिक्षण पुरें केलेले तरुण येथें तीन वर्षांपर्यंत राहतात. त्यांस राहावयास जागा आणि निर्वाहवेतन मिळतें. २०११ पासून फ्रँक गेरी यानें रचलेलें भव्य सभागृहहि त्यांचें झालें आहे. हें सर्व वाचून हेवा वाटतो. पण मोठ्या वृंदांत एक खुर्ची रिकामी झाली कीं शेकडो अर्ज येतात, आणि तीन वर्षें संपलीं तरी कित्येकांच्या हातीं वाद्याच्या पेटीखेरीज कांहीं लागलेलें नसतें. तेव्हां ही शाळा कीं धर्मशाळा, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आमच्या मतें ती शाळाच आहे, परंतु जागांची संख्या वाढविणें कोणत्याहि शाळेच्या हातीं नसतें.

आतां मुंबई. येथें वादकांचा दुष्काळ कधींच नव्हता. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून स्वरलिपि आणि व्हायोलिन लहानपणींच हातीं पडत असे, आणि तेथून निघालेले वादक पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या बँडांत, हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत आणि पुढें बोलपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवीत आले. शेवटची इयत्ता तेवढी या शहरांत नव्हती. १९०८ मध्यें येथें जन्मलेले आणि बव्हंशीं स्वतःच्या बळावर व्हायोलिन शिकलेले मेहली मेहता यांनीं १९३५ त बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला; परंतु त्यांच्या वादकांचें पोट दुसऱ्या कामांवर चाले, वृंदावर नव्हे. नायकालाहि आपलें शिक्षण अपुरें वाटत होतें. १९४५ मध्यें, छत्तिशी उलटल्यावर, पत्नी आणि दोन मुलगे मागें ठेवून ते न्यूयॉर्कला इव्हान गालामियान यांच्याकडे शिकावयास गेले. थोरला मुलगा झुबिन १९५४ त व्हिएन्नाच्या अकादमींत दाखल झाला. तेथें मोठ्या नायकांच्या तालमी पाहण्यास विद्यार्थ्यांना मज्जाव असे. म्हणून तो आणि त्याचा सहाध्यायी क्लाउदिओ आबादो गायकवृंदांत शिरले आणि गातां गातां छडीकडे पाहत शिकले!

मेहली मेहता १९५५ त मुंबई सोडून मँचेस्टरच्या हॅले वृंदांत वादक म्हणून बसले. म्हणजे ज्यानें स्वतःचा वृंद काढला त्याला वृंदांतली खुर्ची पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि तीहि परमुलुखांत मिळाली. १९६४ त ते लॉस एंजलिसला गेले आणि त्याच वर्षीं त्यांनीं ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ स्थापिली. व्यवसायाच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुण वादकांचा हा वृंद त्यांनीं १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीस टेकेपर्यंत, चालविला. चौतीस वर्षांत किती मुलें त्यांच्या हाताखालून मोठमोठ्या वृंदांत गेलीं! मुंबईंत राहते तर हें त्यांना करतां आलें असतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. शिकवून तयार केलेल्या मुलांनीं बसावें कोठें? १९५८ मध्यें अँथनी गोन्साल्विस या गोवेकर व्हायोलिन-वादकानें चित्रपटांतल्या वादकांना घेऊन ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. तोहि फार दिवस टिकला नाहीं, आणि तेहि पुढें अमेरिकेस गेले. नंतर विजेच्या वाद्यांनीं चित्रपटांतल्या खुर्च्याहि रिकाम्या केल्या.

२००६ मध्यें मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेनें व्हायोलिन-वादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या सहकार्यानें ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ काढला. त्याचे पुष्कळ वादक कझाकस्तानांतून आणवावे लागले. ही टीका नव्हे. थॉमसनेंहि शिकागोंत तेंच केलें होतें. फरक इतकाच कीं येथें स्टॉकचें काम युद्धावांचून सुरू झालें. २०१२ मध्यें या वृंदाला जोडून मुलांची शाळा निघाली, आणि वृंदांतले वादकच तेथें शिकवूं लागले. तिकडे मेहली मेहतांचा वृंद २०२४ मध्यें बंद पडला. मुंबईच्या शाळेंत आरंभीं आलेलीं मुलें आतां विशीच्या आसपास पोंचलीं असतील. त्यांच्यापैकीं कोणास वृंदांतली शेवटच्या रांगेची खुर्ची मिळते, आणि ती कोणत्या शहरांत, हें येत्या पांच-दहा वर्षांत दिसेल.