कार्ड आहे, पण कामावर नाही!

१/ कन्हान नदीकाठचे खापा हे नागपूर जिल्ह्यातील जुने विणकरांचे गाव. अशा गावात पोटाला चिमटा घेऊन आणलेला गेमिंग लॅपटॉप खेळ सुरू होताच अडखळू लागला आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर शून्य टक्के दिसला, तर पहिली शंका येते : कार्ड जळाले. मग सुमारे ३५ किलोमीटरवरच्या नागपूरची खेप. पुष्कळदा मात्र कार्ड शाबूत असते. ते फक्त झोपलेले असते. त्या झोपेचे मूळ २०१० सालात आहे.

२/ पेच विजेचा होता. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बलवान, पण बॅटरी झपाट्याने संपवणारे. अंगभूत ग्राफिक्स दुबळे, पण काटकसरी. दोन्ही एकाच यंत्रात नांदवायची, तर कोणी केव्हा राबायचे, हे ठरवणार कोण?

३/ २००६ च्या सोनी वायो एसझेड लॅपटॉपवर त्यासाठी चक्क एक कळ होती : एका बाजूस ‘स्टॅमिना’, दुसऱ्या बाजूस ‘स्पीड’. बदल करायचा तर संगणक पुन्हा सुरू करावा लागे. २००८ च्या मॅकबुक प्रोमध्ये लॉग आउट करावे लागे. गैरसोय होती, पण निर्णय वापरणाऱ्याच्या हाती होता.

४/ फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ‘ऑप्टिमस’ आणले. कळ गेली. पडदा अंगभूत ग्राफिक्सलाच जोडला गेला. स्वतंत्र कार्ड चित्र घडवते, ते अंगभूत ग्राफिक्सच्या मेमरीत उतरते आणि तेथून पडद्यावर येते. काम नसले की कार्डाची वीजच तोडली जाते.

५/ कोणता प्रोग्राम कोणाकडे सोपवायचा, हे आता ड्रायव्हरमधील नोंदी ठरवू लागल्या. नोंद नसलेला खेळ दुबळ्याच्या गळ्यात पडू शकतो. आजच्या तक्रारीचा जन्म येथे झाला.

६/ लिनक्सवर तर ऑप्टिमसला अधिकृत आधारच नव्हता. २०११ मध्ये स्वयंसेवकांनी ‘बम्बलबी’ हा प्रकल्प उभारला. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात याच अडचणीविषयी प्रश्न आला, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियावर जाहीर संताप काढला. तो प्रसंग जगभर गाजला.

७/ विंडोजमध्ये अधिकार हळूहळू परतला. २०१७ च्या अखेरीस टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचा वापर दिसू लागला. एप्रिल २०१८ च्या आवृत्तीत प्रत्येक प्रोग्रामसाठी कार्ड निवडण्याची सोय आली. २०२० च्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्टिमस’ने पडदा थेट स्वतंत्र कार्डाला जोडण्याची वाटही खुली केली. जुनी कळ नव्या रूपात परतली.

८/ म्हणून तपासणीचा क्रम असा : चार्जर जोडावा. खेळ चालू ठेवूनच टास्क मॅनेजर पाहावा. रिकाम्या वेळचे शून्य हा बिघाड नव्हे. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन त्या खेळासाठी ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे. लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर पुन्हा बसवावा.

९/ शेवटी डिव्हाइस मॅनेजर उघडावा. ‘डिस्प्ले अॅडॅप्टर्स’खाली दोन्ही नावे विनातक्रार दिसत असतील, तर दोष बहुधा कामाच्या वाटणीत आहे आणि तो घरबसल्या सुटू शकतो. स्वतंत्र कार्डाचे नावच गायब असेल आणि बायोसमध्येही ते बंद केलेले नसेल, तर मात्र नागपूरची खेप टाळू नये.