डावा हात आणि उजवा पाय

सन १८८८ च्या मार्च महिन्यात पुण्यात ड्यूक ऑफ कॉनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. त्या समारंभात जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषात उपस्थित राहिले आणि दरिद्री रयतेची खरी स्थिती त्यांनी त्या राजपुत्राच्या कानी घातली. मे महिन्याच्या ११ तारखेस मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. आणि जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांचे उजवे अंग लुळे पडले. वय ६१. तरुणपणी लहुजी साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा फिरविलेला, पुढे खडकवासल्याच्या धरणाच्या कामी कंत्राटदार म्हणून राबलेला असा हा कणखर देह होता.

यानंतरची हकीगत मराठी वाचकाला परिचित आहे. उजवा हात चालेना, तेव्हा जोतीरावांनी डाव्या हातात लेखणी धरली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. शाळेच्या पाठांतून, व्याख्यानांतून हा डावा हात आपल्या स्मरणात पक्का बसला आहे. परंतु पक्षाघात केवळ हाताचा नसतो. त्या उजव्या पायाविषयी कोणी बोलत नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाणाऱ्या माझ्यासारख्या धर्मगुरूला मात्र हा पाय विसरता येत नाही. कारण खाटेवरच्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा लिहिण्याविषयी नसतो, ‘फादर, मी चालेन ना?’ असाच असतो.

आमच्या कोकणात ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. या बोलण्याला जुना आधार आहे. चरकाने या व्याधीस ‘पक्षवध’ म्हटले, सुश्रुताने ‘पक्षाघात’, आणि दोघांनीही तिची गणना वाताच्या विकारांत केली. पाश्चात्त्य वैद्यकही दीर्घकाळ शरीरातील द्रवांच्या बिघाडातच कारण शोधत राहिले. डोक्याला उजवीकडे इजा झाली तर डावे अंग लुळे पडते, हे मात्र प्राचीन ग्रीक वैद्य आरेतियस याने टिपून ठेवले होते. सन १६५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फर याने मृतदेहांचे विच्छेदन करून मेंदूतील रक्तस्राव दाखवून दिला, आणि रोगाचे स्थान निश्चित झाले. पुढे १७०९ व १७१० या लागोपाठच्या वर्षी इटलीतील मिस्तिकेल्ली आणि फ्रान्समधील पूर्फूर द्यु पेती यांनी मेंदूतून उतरणारे तंतू मस्तिष्काच्या तळाशी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूस जातात, हे दाखविले. जोतीरावांचा उजवा पाय लुळा पडला तो डाव्या मेंदूतील आघातामुळे.

हात आणि पाय यांचे नशीब सारखे नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. मेंदूच्या पृष्ठभागावर चेहरा व हात यांचे क्षेत्र बाहेरच्या अंगाला आहे, तर पायाचे क्षेत्र दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत आतील बाजूस आहे. दोन्ही क्षेत्रांना रक्त पुरविणाऱ्या मुख्य रोहिण्या निरनिराळ्या; आणि ज्या रोहिणीत अडथळा अधिक वेळा येतो, ती हाताच्या क्षेत्राची. म्हणून पुष्कळ रोग्यांचा पाय हाताच्या आधी आणि हातापेक्षा बरा सुधारतो. हात कोपरात मुडपून छातीशी येतो, बोटे मिटतात. पाय उलट ताठ होतो. गुडघा वेळेवर वाकत नाही, पाऊल घोट्यातून वर उचलले जात नाही, अंगठा जमिनीला घासतो. मग माणूस कंबर उचलून तो पाय बाजूने अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो, गवतात विळा फिरवावा तसा. चपलेचा पुढचा भाग एकाच बाजूने झिजलेला दिसला की ओळखावे. काहींना पायात जोर असूनही तो कोठे ठेवला आहे हेच कळत नाही. असा माणूस प्रत्येक पावलाकडे पाहत चालतो आणि अंधारात पडतो.

काठी नेहमी धडक्या हातात धरावयाची असते. जोतीरावांच्या बाबतीत तो हात डावा. म्हणजे जो काठीचा, तोच लेखणीचा. या एका हातावर किती भार पडला असेल याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. पॉल ब्रोका याने १८६१ मध्ये वाचेचे स्थान मेंदूच्या डाव्या भागात दाखविले. उजवे अंग गेलेल्या रोग्याची वाणीही पुष्कळदा त्याबरोबर जाते, शब्द सापडत नाहीत. जोतीरावांचे शब्द शाबूत राहिले, एवढे ते पुस्तक सांगते.

त्यांच्या औषधोपचाराचा भार सत्यशोधक समाजातील त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी वाहिला. घरी पैशाची ओढ होती. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. अशा स्थितीतही १८८९ च्या फेब्रुवारीत दत्तक पुत्र यशवंत याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने पार पडला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. पुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झाले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या माणसाचे आपल्या धर्माशी मतभेद होते, तरी या पुस्तकासाठी त्याने मोजलेली किंमत आपण ओळखावी.

त्याच शतकातला दुसरा एक रोगी फ्रान्समधला. लुई पाश्चर यांना १९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, झटका आला आणि डावे अंग गेले. वैद्यांनी जळवा लावल्या. आठवड्याभरातच त्यांनी रेशीमकिड्यांच्या रोगावरील टिपण तोंडी सांगून लिहवून घेतले, आणि पुढच्या जानेवारीत, नीट चालता येत नसताना, ते दक्षिणेकडे त्या कामावर रुजू झाले. डावा हात आखडलेलाच राहिला, डावा पाय जन्मभर ओढत राहिला. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या मुलाला १८८५ च्या जुलैत लस टोचली गेली, ती या झटक्यानंतर १७ वर्षांनी. १८९५ साली मृत्यू येईपर्यंत ते लंगडतच चालले; पण चालले.

हे मला आधी ठाऊक असते तर बरे झाले असते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात एका वृद्ध सुताराच्या घरच्यांना मी सांगितले होते, ‘आता त्यांना शांत पडू द्या, श्रम देऊ नका.’ त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. काही महिन्यांत पाय असा आखडला की सरळ होईना, पाठीला जखमा झाल्या, आणि ते खाटेवरून उठले नाहीत. पहिले तीन महिने सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. पहिला दिवस जपून काढावा, नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने बसवावे, उभे करावे, थोडे थोडे पुन्हा पुन्हा चालवावे, हे त्या वेळी मला कोणी शिकविले नव्हते. सेमिनरीत कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसावर आम्ही प्रवचने लिहिली. त्याची खाट उचलणाऱ्या चौघांच्या श्रद्धेवर बोललो. घरी तो चौघांचा हात कसा द्यावयाचा, हे शिकलो नाही.

आजही कबुतराचे रक्त चोळण्यात मोलाचे तास घालविणारी माणसे भेटतात. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावयाचे असते, आणि तेही मेंदूत रक्तस्राव नाही अशी तपासणीने खात्री झाल्यावर. आडगावच्या वाडीवरून, होडी आणि घाट करीत रत्नागिरीला येईपर्यंत पुष्कळांचा हा वेळ निघून जातो. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, की प्रथम गाडी बोलवावी. देवाची प्रार्थना गाडीतही करता येते.

आमच्या या रत्नागिरीत सपाट जागा थोडी. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्या. दवाखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर चालू लागलेला माणूस घरी येतो आणि त्या पायऱ्यांशी अडतो. चढताना धडका पाय आधी टाकावा, उतरताना दुबळा; आधार देणाऱ्याने दुबळ्या बाजूस उभे राहावे. आमच्या मंडळीतील एक बाई दर रविवारी मिस्सा संपल्यावर अशाच उतरतात. उजवा पाय आधी, मग काठी सांभाळून डावा. मागची माणसे थांबतात. मुलांना घाई असते, तीही थांबतात.