सार्वजनिक ग्रंथालय अनुदान, महाराष्ट्र : इस्लामपूर व वाळवा तालुक्याच्या संदर्भात

सार्वजनिक ग्रंथालय अनुदान : महाराष्ट्रात लोकांनी स्थापन केलेल्या आणि लोकांनीच चालविलेल्या ग्रंथालयांना राज्य शासनाकडून दरवर्षी मिळणारे अर्थसाहाय्य. ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७’ आणि त्याखालील १९७० चे नियम हा त्याचा कायदेशीर पाया होय. उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या अखत्यारीतील ग्रंथालय संचालनालय त्याचा कारभार पाहते. संचालनालयाची स्वतःची शासकीय ग्रंथालये थोडी आहेत. गावोगावची बहुसंख्य ग्रंथालये नोंदणीकृत संस्था चालवितात. शासन त्यांना मान्यता देते, त्यांची तपासणी करते, त्यांचा वर्ग ठरविते आणि त्या वर्गाच्या मर्यादेत पैसे देते.

सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर हे वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. तालुक्याला वाळवा गावाचे नाव असले, तरी तहसील व इतर कचेऱ्या इस्लामपुरात आहेत. २०२५ मध्ये शासनाने शहरास ईश्वरपूर हे नाव देण्याचा निर्णय जाहीर केला. तालुक्याचे ठिकाण, आसपासची मोठी सधन गावे आणि नदीकाठची पूरग्रस्त वस्ती असे तिन्ही प्रकार या एका तालुक्यात असल्याने अनुदानाची पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे येथे नीट दिसते.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील मोठ्या गावांत ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाची वाचनालये निघाली व पुढे त्यांतील अनेकांची नगरवाचनालये झाली. सांगलीचे नगरवाचनालय १८६९ चे आहे. त्या काळी वाळवा तालुका इंग्रजी अंमलाखालील सातारा जिल्ह्यात होता. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती, तर वारणेपलीकडे कोल्हापूर संस्थान होते. त्यामुळे काही कोसांच्या अंतरावर ग्रंथालयांविषयीची धोरणे वेगवेगळी होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मुंबई प्रांतात असा कायदा नव्हता. तेथे १९३९ मध्ये सरकारने आ. अ. अ. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका व गाव अशी उतरती साखळी समितीने सुचविली आणि त्यासाठी नवी सरकारी ग्रंथालये काढण्याऐवजी चालू असलेल्या लोकसंस्थांनाच हाताशी धरण्याचा मार्ग दाखविला. आजच्या जिल्हा व तालुका ग्रंथालयांच्या कल्पनेचे मूळ येथे आहे.

संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला व वाळवा तालुका त्यात आला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६७ मध्ये ग्रंथालय कायदा संमत झाला. तो १ मे १९६८ पासून अंमलात आला आणि त्यापाठोपाठ ग्रंथालय संचालनालय सुरू झाले.

कायद्याचे वेगळेपण : मद्रास प्रांताने १९४८ मध्ये आणि कर्नाटकाने (तेव्हाचे म्हैसूर राज्य) १९६५ मध्ये केलेल्या कायद्यांत ग्रंथालय उपकराची तरतूद आहे. स्थानिक करांवर काही टक्के जादा आकारून तो पैसा ग्रंथालयांकडे वळवला जातो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. त्याऐवजी ग्रंथालय निधी निर्माण करण्यात आला आणि राज्य शासनाने त्यात दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असे बंधन घातले गेले. प्रत्यक्ष तरतूद पुढे या रकमेच्या कितीतरी पट वाढली, परंतु ती दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून राहिली. उपकर नसल्याने नागरिकांवर वेगळा बोजा पडला नाही, पण ग्रंथालयांना हक्काचा व आपोआप वाढणारा उत्पन्नाचा स्रोतही मिळाला नाही.

प्रशासकीय रचना : संचालनालयाचे मुख्य कार्यालय मुंबईत फोर्ट भागातील नगर भवनात आहे. ग्रंथालय संचालक हे त्याचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती व नागपूर या सहा विभागांत सहायक ग्रंथालय संचालक आणि जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी काम पाहतात. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे विभागात येतात. इस्लामपूरच्या ग्रंथालयाचा कागद सांगलीच्या जिल्हा कार्यालयातून पुण्याला व गरजेनुसार पुढे मुंबईला जातो. धोरणविषयक सल्ल्यासाठी राज्य ग्रंथालय परिषद आणि जिल्हा पातळीवर जिल्हा ग्रंथालय समिती यांची तरतूद कायद्यात आहे. ग्रंथालयांच्या संघटनांनाही कायद्याने स्थान दिले असून राज्य, विभाग व जिल्हा ग्रंथालय संघ ग्रंथालयांची बाजू शासनापुढे मांडतात.

मान्यता : अनुदानाची पहिली पायरी म्हणजे शासनमान्यता. ग्रंथालय चालविणारी संस्था नोंदणीकृत असावी लागते. सामान्यतः ती संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदविलेली असते व तिचे हिशेब धर्मादाय कार्यालयाकडेही जातात. ग्रंथालय जात, धर्म, लिंग असा भेद न करता सर्वांना खुले असले पाहिजे आणि वृत्तपत्र वाचनाचा विभाग सभासद नसलेल्यांसाठीही मुक्त असला पाहिजे, ही मूळ अपेक्षा आहे.

मान्य ग्रंथालयांचे ‘जिल्हा’, ‘तालुका’ व ‘इतर’ असे प्रकार आहेत. या प्रकारांत अ, ब, क असे वर्ग असून ‘इतर’मध्ये ड हा सर्वांत खालचा वर्ग आहे. संशोधन ग्रंथालयांचा विचार वेगळा होतो. वर्ग ठरविताना ग्रंथांची व सभासदांची संख्या, येणारी दैनिके व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, इमारत, प्रशिक्षित ग्रंथपाल, बाल व महिला विभाग, वर्षातील कार्यक्रम या गोष्टी पाहिल्या जातात. ‘तालुका’ प्रकार तालुक्याच्या ग्रंथालयासाठी असल्याने वाळवा तालुक्यात त्याचे केंद्र इस्लामपूर ठरते. आष्टा, पेठ, कासेगाव, कामेरी, बोरगाव यांसारख्या ठिकाणची ग्रंथालये ‘इतर’ प्रकारात बसतात, मग गाव कितीही मोठे असो. आष्ट्यासारख्या नगरपालिकेच्या गावालाही हाच नियम लागू होतो.

नवे ग्रंथालय बहुधा ड वर्गात प्रवेश करते आणि निकष पूर्ण करीत वरच्या वर्गाची मागणी करते. ही वर्गवाढ आपोआप होत नाही. प्रस्ताव, तपासणी आणि मंजुरी या तिन्ही टप्प्यांतून जावे लागते. २०१२ मध्ये शासनाने महसूल यंत्रणेमार्फत राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी केली. नावापुरती चालणारी काही ग्रंथालये तीत उघडी पडली. त्यानंतर नवी मान्यता व वर्गवाढ दीर्घकाळ थांबली. कागदोपत्री ग्रंथालयांना चाप बसला, पण त्याच काळात नेटाने वाढलेल्या खेड्यांतील ग्रंथालयांनाही खालच्या वर्गात अडकून राहावे लागले.

अनुदानाचे दर : रोजच्या कारभारासाठी मिळणाऱ्या अनुदानास परिरक्षण अनुदान म्हणतात. वर्गनिहाय ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते व मान्य खर्च दाखविल्याशिवाय ती पूर्ण मिळत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुमारे दहा वर्षांनंतर या दरांत ६० टक्के वाढ मंजूर केली. त्यानुसार प्रमुख वर्गांचे वार्षिक दर पुढीलप्रमाणे झाले (कंसात पूर्वीचे दर) :

जिल्हा अ : ११,५२,००० रु. (७,२०,०००)
जिल्हा ब : ६,१४,४०० रु. (३,८४,०००)
तालुका अ : ६,१४,४०० रु. (३,८४,०००)
तालुका ब : ४,६०,८०० रु. (२,८८,०००)
तालुका क : २,३०,४०० रु. (१,४४,०००)
इतर अ : ४,६०,८०० रु. (२,८८,०००)
इतर ब : ३,०७,२०० रु. (१,९२,०००)
इतर क : १,५३,६०० रु. (९६,०००)
इतर ड : ४८,००० रु. (३०,०००)

अनुदानाचा साधारण निम्मा भाग वेतनासाठी आणि उरलेला ग्रंथखरेदी, वृत्तपत्रे, भाडे, वीज, बांधणी, कपाटे अशा वेतनेतर खर्चासाठी धरला जातो. २०२२ च्या दरांवर या हिशेबाने तालुका अ वर्गाच्या ग्रंथालयाला महिन्याकाठी ५१,२०० रुपये पडतात व त्यातील सुमारे २५,६०० रुपये ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक व शिपाई यांच्यात वाटून जातात. ड वर्गाच्या ग्रंथालयाला महिन्याला ४,००० रुपये येतात आणि त्यातील सुमारे २,००० रुपये एकट्या ग्रंथपालाच्या वाट्याला जातात. ड वर्गाचा ग्रंथपाल सहसा शेती, दुकान किंवा शिकवणी सांभाळून संध्याकाळी कुलूप उघडतो, त्याचे कारण या आकड्यांत आहे.

वर्षभराचे कामकाज : आर्थिक वर्ष संपल्यावर ग्रंथालय आपला वार्षिक अहवाल ठरलेल्या नमुन्यात जिल्हा कार्यालयाला सादर करते. सोबत सनदी लेखापालाने तपासलेले जमाखर्चाचे पत्रक व ताळेबंद जोडावा लागतो. जिल्हा ग्रंथालय अधिकारी किंवा त्यांचे कर्मचारी प्रत्यक्ष तपासणीला येतात. दाखलनोंदवही, देवघेव नोंदवही, सभासद व वर्गणीची नोंद, कीर्द-खतावणी, पावतीपुस्तके, हजेरीपत्रक आणि कार्यकारी मंडळाचे इतिवृत्त हे दप्तर तेव्हा पाहिले जाते. दाखलनोंदवहीतील क्रमांक आणि कपाटातील पुस्तक जुळते की नाही, हा तपासणीचा गाभा असतो. त्रुटी निघाल्यास पूर्ततेसाठी मुदत मिळते. पूर्तता न झाल्यास अनुदान कापले किंवा रोखले जाते, वर्ग उतरविला जातो आणि शेवटी संस्थेचे म्हणणे ऐकून मान्यता काढून घेतली जाते.

अनुदान साधारणतः दोन हप्त्यांत संस्थेच्या बँक खात्यात जमा होते. दुसरा हप्ता बहुधा आर्थिक वर्षाच्या अखेरीस येतो. त्यामुळे वर्तमानपत्र विक्रेत्याचे बिल, वीजबिल आणि पगार यांसाठी मधल्या महिन्यांत संस्थेला वर्गणी, अनामत व देणग्यांवर भागवावे लागते. मार्चमध्ये पुस्तकविक्रेत्यांकडे होणारी ग्रंथालयांची गर्दी हाही या हप्त्यांचाच परिणाम आहे. खरेदीस दिशा मिळावी म्हणून संचालनालय निवड समितीमार्फत शासनमान्य ग्रंथांची यादी प्रसिद्ध करते.

इतर साहाय्य : १९७० च्या नियमांत परिरक्षण अनुदानाखेरीज इमारत व साधनसामग्री अनुदानाचीही तरतूद आहे. केंद्र शासनाने १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची मदतही संचालनालयामार्फत येते. तिच्या दोन तऱ्हा आहेत : समान निधी योजनेत राज्य व प्रतिष्ठान दोघेही पैसे घालतात, तर असमान निधी योजनेत पूर्ण रक्कम प्रतिष्ठानाची असते. ग्रंथसंच, फर्निचर, संगणक, इमारत विस्तार, बालविभाग आणि ग्रंथालयांचे वर्धापन महोत्सव यांसाठी या योजना आहेत. उत्तम कामासाठी राज्य शासन डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कार आणि डॉ. एस. आर. रंगनाथन उत्कृष्ट कार्यकर्ता व सेवक पुरस्कार देते. जिल्हा पातळीवर ग्रंथोत्सव भरविण्याचे कामही याच यंत्रणेकडे आहे.

स्थानिक प्रश्न : कृष्णा व वारणा या नद्यांमुळे वाळवा तालुका ऊस पिकविणारा व सधन आहे, पण नदीकाठच्या गावांना पुराचा धोका कायम असतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली नगरवाचनालयाच्या ग्रंथसंग्रहाची मोठी हानी झाली. ग्रंथसंख्या हा वर्गाचा एक निकष असल्याने अशा आपत्तीत पंचनामा करणे, भिजलेली पुस्तके रीतसर बाद करणे आणि दाखलनोंदवही वाचविणे यांना महत्त्व येते. नोंदवहीच वाहून गेली, तर गेलेल्या पुस्तकांचा पुरावाही जातो. म्हणून नोंदींची संगणकीय प्रत बाहेर ठेवण्याचा आग्रह धरला जातो. त्यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही आज्ञावली उपलब्ध आहे.

दुसरा प्रश्न वाचकवर्गाच्या बदलाचा. तालुक्याच्या ठिकाणी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांची संख्या वाढली असून त्यांना कादंबऱ्यांपेक्षा शांत जागा, वीज व संदर्भपुस्तके हवी असतात. अभ्यासिका चालविणाऱ्या ग्रंथालयाचा खर्च वाढतो, परंतु वर्गाची कमाल रक्कम तीच राहते.

मूल्यमापन : ‘गाव तिथे ग्रंथालय’ हे धोरण विस्ताराच्या दृष्टीने बरेच यशस्वी झाले. राज्यात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत. केवळ सरकारी नोकरांच्या बळावर एवढे जाळे उभे राहणे अवघड होते. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. व्यंकप्पा पत्की समितीसह अनेकांनी सेवाशर्ती व वेतनश्रेणीच्या शिफारशी केल्या, तरी या सेवकांना शासकीय कर्मचाऱ्यांचा दर्जा मिळालेला नाही. दर ठरावीक काळाने आपोआप वाढविण्याची सोय नसल्याने प्रत्येक वाढीसाठी ग्रंथालय संघांना निवेदने, मोर्चे व अधिवेशने यांचा आधार घ्यावा लागतो. त्यामुळे शासनमान्य ग्रंथालयाचे स्थैर्य आजही सभासदांची वर्गणी, गावातील देणगीदार आणि कार्यकारी मंडळाची चिकाटी यांवर अनुदानाइतकेच अवलंबून आहे.