कोयना जलविद्युत् प्रकल्प

कोयना जलविद्युत् प्रकल्प : पडत्या पाण्याच्या ऊर्जेचे विजेत रूपांतर करणारा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रकल्प. पायथा वीजगृहासह स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट. वीजनिर्मितीस प्रारंभ १९६२.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे रबल काँक्रीटचे धरण आहे. त्यामागील शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). मात्र येथील विजेचे श्रेय धरणाच्या उंचीला फारसे जात नाही. नदी पुढे पूर्वेकडे वळते आणि मुख्य वीजगृहे आहेत पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्याखाली कोकणात. नवजा येथून बोगद्यात शिरलेले पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहापर्यंत सुमारे ४७५ मीटर खाली येते. धरण पाणी साठवते. उंची देतो तो सह्याद्री. खोपोलीला टाटांनी १९१५ मध्ये याच उताराचा उपयोग केला होता.

उंचावरच्या पाण्यातील स्थितिज ऊर्जा त्याचे वस्तुमान आणि उतरण्याची उंची यांच्या गुणाकारावर ठरते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ४७५ मीटर उतरले की सुमारे १.३ युनिट ऊर्जा मोकळी होते. घर्षण आणि यंत्रांतील घट वजा जाता साधारण १.१५ युनिट वीज हाती लागते. तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी सोडले, तर जेमतेम पाचवा हिस्सा मिळेल.

बोगद्यानंतर उल्लोळ विहीर येते. विजेची मागणी एकाएकी घटून झडपा मिटल्या, की बोगद्यातील वेगवान पाण्याचा धक्का नळांना फोडू शकतो. तो धक्का या विहिरीत पाणी वर चढून शमतो. पुढे तीव्र उताराच्या दाबनलिकांतून पाणी टर्बाइनवर जाते. पोफळीत पेल्टन चक्रे आहेत : तोटीतून सुटलेला झोत चक्राच्या वाट्यांवर आदळतो. घर्षण सोडल्यास या झोताचा वेग सेकंदाला सुमारे ९६ मीटर भरतो. टप्प्याटप्प्याने उभारलेल्या या प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यात २५० मेगावॅटची चार फ्रान्सिस टर्बाइने असून त्यांत पाणी दाबाखालीच पात्यांमधून वाहते. टर्बाइनच्या दांड्यावरचे चुंबकीय चक्र जनित्रात फिरते आणि ५० हर्ट्‌झची प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. रोहित्र तिचा दाब वाढवून ती पारेषण वाहिन्यांवर चढवते.

चौथ्या टप्प्यासाठी जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाखालून बोगदा खणला गेला आणि शेवटचा खडक १३ मार्च १९९९ रोजी सुरुंगाने उडवून पाणी आत घेतले गेले. भारतीय अभियंत्यांच्या कामगिरीत या ‘लेक टॅपिंग’चे स्थान फार वरचे आहे.

पोफळीचे व चौथ्या टप्प्याचे अवजल कोळकेवाडी जलाशयात येते, तिसऱ्या टप्प्यात (३२० मेगावॅट) पुन्हा वीज देते आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा खोऱ्यातील पाणी असे बाहेर जात असल्याने कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यास वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. त्यामुळे चौथा टप्पा मुख्यतः मागणी शिगेला पोहोचते त्या तासांतच चालवला जातो.