वसईच्या मोहिमेतील घोडेस्वार

करावे गावाच्या पश्चिमेस खाडीकाठाने तिवरांनी व्यापलेला जो पाणथळ प्रदेश पसरलेला आहे, जेथे आज टी. एस. चाणक्य ही नौवहन प्रशिक्षण संस्था उभी आहे, तेथे भरती-ओहोटीची वेळ ओळखून गाळात उतरणारा आगरी-कोळी माणूसच निभावतो. घोडा येथे पावलागणिक रुततो. ठाण्याच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंतची अशी भूमी ध्यानी घेतली म्हणजे, ज्या मराठी सत्तेचा दरारा शिलेदार-बारगिरांच्या घोडदौडीवर उभा होता, तिला १७३७ साली चिमाजी आप्पांनी फिरंगाणावर, म्हणजे उत्तर कोकणातील पोर्तुगीज मुलखावर, काढलेल्या मोहिमेत केवढ्या अनोळखी रणभूमीत पाऊल टाकावे लागले, याची यथार्थ कल्पना येते.

ठाणे पहिल्याच धडकेत, मार्चअखेरीस हाती आले. पण वसईचा कोट तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला, आणि उरलेल्या बाजूस बुरुजांवरील तोफांचा मारा. माळव्याची मैदाने तुडवून आलेले मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारखे नामांकित सरदारही शेवटच्या पर्वात मोर्चात उभे राहिले, आणि निर्णय झाला तो तटाखाली पेरलेल्या सुरुंगांनी व पायउतार होऊन खिंडाराकडे धावलेल्या माणसांच्या प्राणांनी.

मग या युद्धात घोडदळाने केले काय? याचे उत्तर वसईच्या तटापाशी मिळत नाही, ते गोव्यात शोधावे लागते. वसईस कुमक यायची ती समुद्रमार्गे गोव्याहून, कारण पोर्तुगीज विजरईचे ठाणे तेथे होते. आणि गोव्याचा विजरई कौंट सांदोमिल स्वतःच संकटात सापडला, तर त्याने उत्तरेस शिबंदी आणि दारूगोळा धाडावा कसा? हा हिशेब मनाशी धरून १७३९च्या जानेवारीत इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे, बाळाजी विश्वनाथांची कन्या अनुबाई यांचे पती व म्हणून चिमाजी आप्पांचे मेहुणे, नरगुंदकर दादाजी भावे यांच्यासह घाट उतरून गोव्याच्या साष्टी महालात शिरले. तेथे मोकळी शेते होती, दौडीस वाव होता. मडगाव पडले, रायतूरच्या किल्ल्यास वेढा बसला. उत्तरेकडून वाडीकर सावंतांनी बारदेशावर चाल केली, आणि तिसवाडीच्या बेटावरील राजधानीस दोन्ही अंगांनी धाक बसला.

या स्वारीस बखरींच्या रम्य वर्णनात स्थान थोडे. व्यंकटरावांनी रायतूर घेतला नाही, राजधानीत प्रवेश केला नाही, आणि काही महिन्यांतच साष्टीतील युद्ध तहाच्या वाटाघाटीत विराम पावले. परंतु घोडदळाकडून अपेक्षित होते ते किल्ले घेणे नव्हते. शत्रूची फौज जेथल्या तेथे गुंतवून ठेवणे, त्याच्या समृद्ध मुलखाचा वसूल तोडणे, आणि दूरच्या वेढ्यास अवधी मिळवून देणे हे कार्य त्यांनी पुरते केले. माझ्या मते वसईच्या विजयाचे श्रेय वाटताना या स्वारांचा वाटा काढून ठेवणे हा इतिहासाचा न्याय आहे. वसईच्या आतील शिबंदी शर्थीने लढत होती, हेही तितक्याच आदराने सांगितले पाहिजे. तिला उणीव पडली ती ताज्या कुमकेची.

१७३९च्या मे महिन्यात वसई शरण आली, आणि किल्ल्यातील लोकांना आपली कुटुंबे घेऊन सन्मानाने जाऊ देण्यात आले. पुढल्या वर्षीच्या तहात पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई सोडली, मराठ्यांनी गोव्याची साष्टी परत केली, आणि घोरपड्यांच्या स्वारांनी टाच आणलेला तो मुलूख पुन्हा विजरईच्या अमलाखाली गेला.