दुष्काळातील सरकारी खरेदी : बीड जिल्हा

बीड जिल्ह्यातील सरकारी खरेदीचा इतिहास दुष्काळापासून वेगळा काढता येत नाही. हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत पाऊस हुकला की शासनाला पाणी, चारा आणि मजुरांचे श्रम घाईने विकत घ्यावे लागतात. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांची नोंद हजेरीपटावर होई आणि त्यावरूनच पैसे निघत. कागदावरची संख्या हाच पैशाचा आधार असल्याने बोगस नावांना वाव राहिला. पुढे रोजगार हमी योजनेच्या कामांवरही बोगस नावांची तक्रार होत राहिली.

टँकर आणि चारा छावण्यांत हा धोका अधिक वाढतो. बांधलेला रस्ता नंतर मोजता येतो, पण प्यायलेले पाणी आणि खाल्लेला चारा पुन्हा मोजता येत नाही. टँकरच्या खेपा लॉगबुकात, जनावरे छावणीच्या नोंदवहीत. देयक निघते ते या नोंदींवर. 2018-19 च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक छावण्या असलेल्या जिल्ह्यांत बीड होता. 2019 च्या मे महिन्यात मोठ्या जनावरामागे दिवसाला 100 आणि लहान जनावरामागे 50 रुपये अनुदान होते. अशा वेळी नोंदवहीत चढवलेले प्रत्येक खोटे जनावर रोज पैसे मिळवून देते. त्याच उन्हाळ्यात बीडमधील छावण्यांच्या तपासणीत नोंदीतील आणि दावणीवरील जनावरांच्या संख्येत मोठी तफावत आढळली.

तरीही केवळ लोभाकडे बोट दाखवणे अपुरे आहे. अनुदान वेळेवर मिळत नाही, त्यामुळे पदरचे पैसे महिनोन्महिने अडकवू शकणारी आणि कार्यालयात ओळख असलेली संस्थाच छावणी चालवायला पुढे येते. स्पर्धा तिथेच संपते, आणि थकलेल्या रकमेचा भार खोट्या नोंदींतून भरून काढण्याचा मोह होतो. तपासणारा तलाठी किंवा ग्रामसेवक त्याच गावात, त्याच पुढाऱ्यांच्या दबावाखाली काम करतो. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी 1988 मध्ये मांडलेले सूत्र येथे तंतोतंत लागू पडते : मक्तेदारी आणि मनमानीचा अधिकार वाढला व उत्तरदायित्व घटले, की भ्रष्टाचार वाढतो.

नियम कडक करूनही पळवाटा उरल्या. 2014 मध्ये राज्याने तीन लाखांवरील कामांना व खरेदीला ई-निविदा सक्तीची केली. त्यावर कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेखाली ठेवण्याची जुनी युक्ती कामी आली. टँकरला जीपीएस आणि जनावरांना बारकोडचे बिल्ले लावल्याने खोट्या नोंदी करणे अवघड झाले. मात्र देयकांचा उशीर आणि तपासणाऱ्यावरचा स्थानिक दबाव या दोन्ही गोष्टींवर या यंत्रांचा काही परिणाम होत नाही.